कोकणावर सगळं लिहून झालं, आता काय लिहू?

देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात राहणाऱ्या तरुणाने विचारलं आहे: "दोन वर्षं कोकणाबद्दल दर आठवड्याला लिहितोय. हापूस झाला, मासे झाले, गणपती, शिमगा, विजयदुर्ग, पहिला पाऊस, आजीच्या हातचं जेवण, सगळं झालं. आता लिहायला बसलं की तीच नावं पुन्हा समोर येतात. नवे विषय मिळवायचे कसे?"

तुमची यादी मी परत परत वाचली. तिच्यात सगळी नावं आहेत, विषय एकही नाही. 'हापूस' हे नाव झालं. बाहेरून निर्मळ दिसणारा हापूस कापल्यावर आत साका (गराचा पांढरट, स्पंजासारखा झालेला भाग) का निघतो, आणि तो टाळायला बागायतदार काय करतात, हा विषय झाला. नावावर एकदाच लिहिता येतं, फार तर दोनदा. तेच नाव तिसऱ्यांदा हातात घेतलं की आपण पहिलंच वेगळ्या शब्दांत लिहू लागतो, आणि वाचणाऱ्याला ते आपल्याआधी कळतं. प्रश्नाचं तसं होत नाही. एका प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की वाटेत आणखी चार भेटतात.

म्हणून मी इतकी वर्षं एकच कसोटी लावत आले आहे. मनात आलेली गोष्ट प्रश्नाच्या रूपात एका ओळीत मांडता येते का? त्याचं उत्तर जाणणारं माणूस मला गाठता येण्याजोगं आहे का? आणि ते उत्तर मला स्वतःला अजून माहीत नाही, हे खरं आहे का? या तिसऱ्या अटीवर मी अडून राहते. उत्तर आधीच ठाऊक असेल तर लिहिताना आपण भाषण करतो. ठाऊक नसेल तर आपण विचारतो, पाहतो, मोजतो, आणि लेखात आपोआप जीव येतो.

हापूसच घ्या, कारण तो लिहून संपला असं तुम्हाला वाटतं आहे. साक्याबद्दल विचारायला निघालात तर कुणी सांगेल की जमिनीच्या उष्णतेने होतो, कुणी म्हणेल झाडावर जास्त पिकू दिला की होतो, कुणी आतल्या बाठ्याकडे बोट दाखवेल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की आंबा चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार झाला की उतरवावा. मग पुढचा प्रश्न आला: चौदा आणे हे झाडाखाली उभं राहून ओळखतात कसं? देठाजवळचे खांदे भरले का ते पाहून, रंगावरून, की नुसत्या सवयीने? तुमच्या गावात आंबा उतरवणारा सगळ्यात जाणता माणूस कोण, आणि तो नव्या पोराला हे कसं शिकवतो? इथेच एक पूर्ण लेख झाला, आणि अजून आपण आंबा पेटीत भरलेलासुद्धा नाही.

पुढे चला. मोहोर फुटल्यापासून बागेत राखणीला राहणारी नेपाळी कुटुंबं कुठून येतात, मुलांना शाळेत घालतात का, हंगाम संपल्यावर कुठे जातात? फवारणीचा खर्च पेटीमागे किती पडतो? मे महिन्यात कॅनिंगचा, म्हणजे कारखान्याला जाणाऱ्या आंब्याचा, दर फुटतो त्या दिवशी गावात काय बोललं जातं? ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने शंभर कलमं असलेल्या माणसाच्या हातात काय वेगळं पडलं? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना काढला, आणि रत्ना व हापूस यांच्यातून अगदी पातळ बाठ्याचा सिंधू. तुमच्या वाडीत सिंधूची कलमं किती आहेत? ज्यांनी लावली त्यांना काय अनुभव आला, आणि ज्यांनी लावली नाहीत त्यांनी का लावली नाहीत? यातला एकेक प्रश्न वेगळ्या माणसाकडे नेतो. बागायतदार, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवणारा गडी, पेटी भरणारी बाई, वाशीचा दलाल, संशोधन केंद्रातला माणूस. एकच प्रश्न या पाचांना विचारला तर उत्तरं पाच येतात, आणि त्यांच्यात जिथे फरक पडतो तिथे सर्वांत चांगला लेख दडलेला असतो.

हल्ली विषयांची यादी यंत्राकडून मागून घेण्याची सोय झाली आहे. ती यादी मी पाहिली आहे, आणि तिच्यात किनारे, किल्ले, मासे, आंबे अशी नावंच येतात. प्रश्न मात्र तिथे उभं राहून पाहणाऱ्यालाच पडतो.

आता प्रश्न विचारण्याबद्दल, कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडते. मच्छीमाराकडे जाऊन "तुमच्या व्यवसायाबद्दल सांगा" म्हटलं की तो पाहुण्याला सांगायचं ते सांगतो: पूर्वी मासे फार होते, आता राहिले नाहीत. हे खरं असतं, पण ते सगळ्यांनी लिहिलेलं असतं. त्यापेक्षा "आज काय गावला?" इथून सुरुवात करा. मग काल काय मिळालं, कुठे जाळं टाकलं, किती वाव (सहा फुटांचं माप) खोलीत टाकलं, डिझेल किती जळलं, माल कुणी घेतला, काय भावाने घेतला. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेलात तर वाटे कसे पडतात ते विचारा: जाळ्याचा वाटा किती, होडीचा किती, दोर ओढणाऱ्याचा किती, आणि ऐन वेळी हात लावायला आलेल्या पोराला काय मिळतं. पैशाचा आणि वेळेचा प्रश्न साधा वाटतो, पण माणूस त्याचं नेमकं उत्तर देतो, आणि नेमक्या उत्तराच्या पाठोपाठ गोष्ट येते.

खाडीकाठी राहता म्हणून एक उदाहरण मुद्दाम देते. "भरती कधी लागतली?" असं जुन्या माणसाला विचारलं तर तो घड्याळ न पाहता सांगतो. त्याचा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराचे तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातून भरती दोनदा येते म्हणून हीच वेळ रात्रीही धरायची. हा अंदाज ढोबळ आहे आणि बंदरागणिक थोडा मागेपुढे होतो. पण दर दिवशी भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे खगोलाचं सत्य त्या पाऊणपटीत बसवलेलं आहे. आता पाहा, यातून काय काय निघतं. तुमच्या खाडीच्या तोंडाशी आणि चार मैल आत भरतीच्या वेळेत किती फरक पडतो? खुबे-तिसऱ्या काढणाऱ्या बायका कुठल्या तिथीला जातात? तरीवर (खाडी ओलांडायच्या जागी) होडी चालवणारा कुठल्या ओहोटीला फेरी बंद ठेवायचा, आणि पूल झाल्यावर त्याने काय केलं? आज मोबाइलवर भरतीचा तक्ता मिळतो, तर तुमच्या गावातला तरुण खलाशी कशावर विश्वास ठेवतो? एक पंधरवडा रोज धक्क्यावर जाऊन पाणी पाहिलंत, पाऊणपट आणि तक्ता दोन्हीशी ताडून लिहून ठेवलंत, तर हे दुसऱ्या कुणाकडेही नसलेलं लिखाण होईल. मला विचाराल तर पुढचा लेख हाच करा.

विषयांचा दुसरा मोठा साठा कालगणनेत आहे. सण सगळेच लिहितात, म्हणून सणांचं कॅलेंडर बाजूला ठेवा आणि कामांचं कॅलेंडर करा. कोकणात वर्ष कामांनी भरलेलं असतं, आणि ती कामं कुणी फारशी लिहीत नाही. आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधी घर शाकारणं, फुटकी कौलं बदलणं, लाकडं पडवीत रचणं, सुकट-बोंबील-सोडे भरून ठेवणं. भाजावळ, म्हणजे पालापाचोळा जाळून शेत भाजणं. रोहिण्या-मृगावर डोळा ठेवून तरवा (भाताची रोपं) पेरणं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या आणि जाळी विणणारी माणसं. पहिल्या मोठ्या पावसात व्हाळात चढणीचे मासे. लावणी. मग गणपतीच्या माटवीसाठी (मूर्तीवर टांगायच्या चौकटीसाठी) रानातून कवंडळं, शेरवडं, तेरडा, हरणाची फुलं आणणं. ही सगळी एका फेरीत मिळण्याजोगं रान अजून कुठल्या वाडीजवळ उरलं आहे, हा प्रश्न मी दरवर्षी नव्याने विचारते आणि दरवर्षी उत्तर थोडं बदलतं. भात कापून झाल्यावर खळं करणं. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळींचा हंगाम. थंडी पडली की मोहोर आणि तुडतुडे. काजू, ओले गर, बोंडांचा वास. रातांबे (कोकमाची फळं) फोडून सोलं वाळवणं, आगळ भरणं. आणि पुन्हा आगोट.

या प्रत्येक कामात हत्यार आहे, मजुरी आहे, शिकवणारं माणूस आहे, आणि काय बदललं त्याची गोष्ट आहे. मंगलोरी कौलांच्या घरावर पत्रा का चढला? शाकारणीला येणारा माणूस आता किती गावांत मिळून एक उरला? हे मी वाचायला थांबेन.

कॅलेंडरबाबत एक व्यवहाराची गोष्ट. पाहिलं ते त्याच आठवड्यात लिहायची घाई करू नका. या वर्षी माटवीचं सामान गोळा करताना जे पाहिलंत ते टिपून ठेवा, फोटो काढा, माणसांची नावं लिहा, आणि पुढच्या वर्षी गणपतीच्या महिनाभर आधी लेख द्या. त्या वेळी लोकांना त्याची गरज असते, आणि तुमच्याकडे दोन वर्षांचं पाहिलेलं असतं. गूगल ट्रेंड्सवर एखादा शब्द घालून वर्षभराचा आलेख पाहिला तर लोक तो कधी शोधू लागतात ते दिसतं. तिथले आकडे शून्य ते शंभर अशा तुलनेचे असतात, माणसांची संख्या नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

तिसरा साठा मला सर्वांत प्रिय आहे: गावात सगळे सांगतात ती गोष्ट तपासणं. तुम्ही विजयदुर्गावर लिहिलंत, त्यात हेलियमची गोष्ट असणारच. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात विजयदुर्गावरून सूर्य पाहिला आणि हेलियम सापडला, असं सांगतात. किल्ल्यात साहेबाचे कट्टे दाखवतात. आता कागद पाहा. १८६८ च्या त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. वर्णपटातल्या पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली आणि १८९५ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना तो वायू पृथ्वीवर मिळाला. मग विजयदुर्गाचं काय? लॉकियर विजयदुर्गला खरोखर आले होते, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, मोठी मोहीम घेऊन. तिथल्या निरीक्षणांचा अहवालही त्यांनी छापला.

म्हणजे गावाची आठवण पोकळ नाही. साहेब आले, ग्रहण पाहिलं, सगळं घडलं. फक्त दोन ग्रहणं लोकांच्या तोंडी एकत्र झाली. मला हा शोध मूळ दंतकथेपेक्षा फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून गावाचाच मान वाढतो. १८९८ मध्ये एवढी यंत्रं बोटीतून उतरवायला कुणी हात दिला, मोहीम राहिली कुठे, गावकऱ्यांनी ग्रहण पाळलं की साहेबाबरोबर पाहिलं, आज दाखवतात ते कट्टे नेमके कुठल्या वेळचे? तुमच्याच तालुक्यातली गोष्ट आहे. मात्र असा लेख लिहिताना "लोकांना फसवलं" असा सूर लावू नका. ज्या आजोबांनी तुम्हाला ती गोष्ट सांगितली त्यांना आधी जाऊन नवी माहिती सांगा, त्यांचं म्हणणं ऐका आणि तेही लिहा.

अशा गोष्टींसाठी जुने कागद लागतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे, स्कॅन केलेला सहज मिळतो. त्यात बंदरांची माहिती आहे, काय माल यायचा-जायचा तेही आहे. आपल्या बंदराचं पान काढा, गावातल्या चार वृद्धांना वाचून दाखवा, आणि तिथला माल, वाटा, पेठ आज कुठे आहे ते शोधत जा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधीचं सगळं रत्नागिरीच्या नावाखाली शोधावं लागतं. जाती-जमातींबद्दल त्या पुस्तकात जे लिहिलं आहे ते राज्यकर्त्यांच्या नजरेतून लिहिलेलं आहे, ते जसंच्या तसं उचलू नका. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. तिकडे जाणं झालं तर एक अख्खा दिवस हाताशी ठेवून जा.

पूर्वी लिहिलेल्याकडे परत जाणं हाही साठाच आहे, आणि तो बहुतेक जण वापरत नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हा सगळ्यांनी लिहिलं. सुपारीचं रोप धरायला पाच-सात वर्षं घेतं. म्हणजे त्या पावसाळ्यात पुन्हा लावलेल्या पोफळी आता कुठे उत्पन्नावर येतात. मधली वर्षं त्या कुटुंबांनी कशावर काढली? किती जणांनी बाग विकून खोल्या बांधल्या? २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत दुकानदार माल आता कुठल्या उंचीवर ठेवतात? बातमी एका दिवसाची असते, पण तिचं उत्तर यायला वर्षं लागतात, आणि तोवर बातमी देणारे निघून गेलेले असतात. तुम्ही तिथेच राहता, ही तुमची ताकद आहे. तुमच्या दोन वर्षांच्या जुन्या लेखांतून जिथे जिथे "आता पुढे काय होईल ते पाहू" अशा अर्थाचं वाक्य आहे, ते सगळं एका कागदावर उतरवा.

वाचणारे काय विचारतात याची वेगळी वही करा. मुंबईतला चाकरमानी आंब्याच्या कवितेपेक्षा बंद घराच्या कौलांबद्दल, सामाईक सातबाऱ्यावरच्या नावांबद्दल, माकडांनी नेलेल्या नारळांबद्दल, घराची राखण कोण करील याबद्दल जास्त विचारतो. एकच प्रश्न तीन वेगळ्या माणसांकडून आला की त्यावर लिहायचं, असा माझा नियम आहे. गूगलच्या शोधखिडकीत 'कोकम', 'काजूबी', 'गडगा' असा शब्द टाकून क्षणभर थांबलात तर खाली लोक काय शोधतात ते उमटतं. मराठीत टाका आणि रोमन अक्षरांतही, दोन्हीकडे वेगळं येतं. तुमच्या स्वतःच्या लिखाणापर्यंत कुठल्या शब्दांनी लोक पोचले ते गूगल सर्च कन्सोलमध्ये दिसतं. ज्या शब्दांनी लोक आले पण त्याचं उत्तर तुमच्या लेखात नव्हतं, ते शब्द आधी पाहा. याच्यापुढे मात्र आकड्यांच्या मागे जाऊ नका. सगळेच शोधतात तेच लिहायला लागलात तर पुन्हा किनारे आणि किल्ल्यांवर येऊन थांबाल.

आता काही गोष्टी अशा आहेत ज्या विषय म्हणून समोर येतात, पण जपून हाताळायच्या. सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) कातळशिल्पं त्यातली पहिली. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी अशी ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हापासून त्यांच्यावर लिहिण्याची लाट आली. 'गूढ', 'रहस्य', 'परग्रहवासी' असलं काही लिहू नका. ती कुणी, कधी, कशासाठी कोरली यावर अभ्यासकांचं काम चालू आहे. तुम्हाला लिहिता येईल ते वेगळं आहे: ज्याच्या जमिनीत शिल्प निघालं त्याचं आता काय, शेजारी चिरेखाण असेल तर तो काय ठरवतो, गुरं राखणाऱ्याला ते आधीपासून माहीत होतं का आणि तो त्याला काय म्हणायचा. कुठे नवं शिल्प तुम्हीच पाहिलंत तर जागेचा नेमका पत्ता छापण्याआधी जमीनमालक आणि पुरातत्त्व खातं यांना कळवा.

कासवांचंही तसंच. वेळास गावातल्या कासव-संवर्धनाच्या कामामुळे ऑलिव्ह रिडले कासव सगळ्यांना माहीत झालं, चांगलं झालं. पण तुमच्या किनाऱ्यावर घरटं दिसलं तर त्या रात्रीच फोटोसकट ठिकाण सांगू नका. कासवमित्रांना किंवा वन खात्याला सांगा. पिल्लं समुद्रात गेल्यावर लिहा. तेव्हा लिहिण्यासारखं पुष्कळ असतं, विशेषतः पहाटे उठून किनाऱ्यावर फेऱ्या घालणाऱ्या माणसांबद्दल.

आणि गावचे मानपान. कुठल्या घराचा पहिला मान, पालखी आधी कुठे जाते, देवाला कौल कुणी लावायचा, यावर गावोगाव जुने वाद आहेत, काही कोर्टातही गेले आहेत. एका बाजूचं ऐकून लिहिलेला लेख गावात माणसं तोडतो. गाऱ्हाण्याचे शब्द, खेळ्यांच्या सोंगांचे प्रकार, पालखी नाचवताना खांदा कसा बदलतात हे सगळं लिहा, मनापासून लिहा. मानाचा प्रश्न आला की दोन्ही घरी बसून ऐकल्याशिवाय एक ओळही लिहू नका. माझं हे मत पक्कं आहे.

विषयांची वही कशी ठेवायची ते थोडक्यात. एका पानावर एक प्रश्न. खाली ज्याला विचारायचं त्याचं नाव, तो कधी मोकळा असतो, आणि हा प्रश्न कुठल्या महिन्यात वाचणाऱ्याच्या कामाचा. उत्तराचे तुकडे मिळतील तसे तारखेसह आणि तिथीसह त्याच पानावर. काही पानं आठवड्यात भरतात, काही तीन वर्षं अर्धी राहतात. अर्ध्या पानांची चिंता करू नका. लिहायला बसाल तेव्हा जे पान सर्वांत भरलेलं असेल ते घ्या, सर्वांत आवडतं ते नव्हे.

दर आठवड्याला लिहायलाच हवं का, हेही तुमच्या प्रश्नात दडलेलं आहे. माझ्या मते नाही. पंधरा दिवसांतून एक लेख द्या आणि मधला आठवडा विचारपूस करण्यात घालवा. ज्या आठवड्यात कुणाशीच बोलणं झालं नाही, त्या आठवड्यात विषय सुचत नाही यात नवल काही नाही.

शेवटचं, कुणाला कधी गाठायचं. लावणीच्या दिवसांत शेतावर जाऊन मुलाखत मागू नका. गेलात तर तरव्याच्या जुड्या उचलून द्या आणि दुपारी सगळे जेवायला बसतील तेव्हा जे कानावर येईल ते ऐका. मच्छीमार जून-जुलैत जाळी दुरुस्त करत बसलेले असतात, हात चालू असतात आणि तोंड मोकळं असतं, तेव्हा जा. ऑगस्टपासून हंगाम सुरू झाला की पहाटे लिलावाच्या वेळी फक्त पाहा, बोलू नका. आंबा बागायतदार मार्च ते मे तुमच्याशी बोलणार नाही, आणि बोलला तरी दराखेरीज काही सांगणार नाही. त्याला पावसात गाठा, हिशोब पुरा झालेला असतो. सोलं वाळवणाऱ्या, फेण्या-सांडगे घालणाऱ्या बायकांकडे वैशाखात सकाळी लवकर जा, ऊन चढलं की त्या आत जातात. दशावतारी कलाकार जत्रेच्या गावात दुपारी देवळाच्या आवारात आराम करतात, तेव्हा मालकाला विचारून दहा मिनिटं मागा. संध्याकाळी ते रंगायला बसले की बाजूला व्हा, आणि रात्रीचं नाटक पहाटेपर्यंत पूर्ण पाहूनच दुसऱ्या दिवशीचे प्रश्न काढा.